वाचकांचे प्रश्न : व्याज येतं कुठून?

या महिन्यात आयकराचे प्रश्न कमी आले आणि ‘पूर्वी असं नव्हतं’ असं म्हणणारी पत्रं जास्त आली. पूर्वी म्हणजे कधी, हे प्रत्येकाचं वेगळं. कुणाला दामदुप्पट किसान विकास पत्र आठवतं, कुणाला सासऱ्यांच्या ट्रंकेत शेअर सापडतात. टीडीएसची उत्तरं पुढच्या अंकात देईन. हा अंक जुन्या-नव्या गुंतवणुकीसाठी ठेवते.

ताई, माझा मुलगा फोनवर शेअर घेतो आणि विकतो. तो म्हणतो, “तुमच्या पिढ्यांना सोनं आणि जमीन यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. पैसा कामाला लावायला आपण इंग्रजांकडून शिकलो.” हे खरं का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

तुम्ही पाथर्डी फाट्याला राहता, म्हणजे याचं उत्तर तुमच्या गच्चीवरूनही दिसत असेल. रविवारी ऊन चढायच्या आत मुलाला घेऊन पांडवलेणी चढा. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लोक तिथे खांबांवरचे प्राणी बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. माझं मत असं की नाशिकमध्ये वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा लेख कुणीतरी तिथे उभं राहून समजावून सांगायला हवा.

उषवदाताने लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. ही रक्कम त्याने संघाच्या हातात दिली नाही. गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ती गुंतवली. (हे गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या वाटेवरचं आपलं गोवर्धन.) एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून त्यांचा बाकीचा किरकोळ खर्च भागवायचा.

आता मुलाला फोनमधला कॅल्क्युलेटर काढायला सांगा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. एक नाणं इकडचं तिकडे नाही. म्हणजे आधी गरज किती ते ठरलं, मग दर ठरला आणि त्यावरून मुद्दल ठरलं. निवृत्तीचं नियोजन करून देताना मी आजही याच क्रमाने जाते. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असंही लेखात सांगितलं आहे. नोंदणी आणि जाहीर वाचन दोन्ही झालं, ते कुणाला पुसता येऊ नये म्हणून दगडात कोरलंही.

त्याच लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. माझा तो जास्त आवडता, कारण तो एका बाईचा आहे. शक कुळातल्या विष्णुदत्तेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली आणि ती एकाच ठिकाणी ठेवली नाही. अभ्यासक ज्यांना कुंभार समजतात त्या कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००, शिवाय तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही काही रक्कम. एक धंदा बसला तरी औषध थांबू नये, एवढा विचार त्यात आहे. आज सल्लागार यालाच गुंतवणूक विभागणं म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

या दोन्ही लेखांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की व्याज कुठून येणार ते त्यात स्पष्ट आहे. विणकर कापड विणणार, ते विकणार आणि त्या कमाईतून व्याज देणार. गोवर्धनात जाऊन कुणालाही माग चालू आहेत की बंद ते बघता येत होतं.

पैसा नुसता पुरून ठेवणारेही तेव्हा होतेच. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. राज्य बदललं, ठसा बदलला, चांदी जमिनीतच राहिली आणि पुरणाऱ्याच्या कामी आली नाही.

तुमच्या मुलाचं अर्धं म्हणणं मात्र बरोबर आहे. उषवदाताला आपली ठेव सकाळी ठेवून दुपारी दुसऱ्याला विकता येत नव्हती. तुकड्यातुकड्यांनी विकता येणारा धंद्यातला हिस्सा, म्हणजे शेअर, हा इंग्रजी अमदानीत आला. मुंबईत टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात दलाल जमायचे आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. धंद्याच्या कमाईवर पैसा लावायची रीत मात्र आपल्या डोंगरावर त्याच्या कितीतरी आधी कोरलेली आहे.

१९८९ मध्ये घेतलेलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट झालं. पीपीएफला बारा टक्के मिळत होते. आता पोस्टात गेलो तर बाई म्हणाल्या, दुप्पट व्हायला ११५ महिने. सरकारने आम्हा म्हाताऱ्यांना फसवलं असंच म्हणायचं ना?
— निवृत्त कामगार, सातपूर

काका, तुमचा राग मला समजतो. पण तुमच्या आठवणीतला काळ नेहमीचा नव्हता, तो दरांचा शिखरकाळ होता. पीपीएफ १९६८ मध्ये सुरू झालं तेव्हा दर ४.८ टक्के होता. चढत चढत तो १९८६ मध्ये बारावर गेला आणि जानेवारी २००० पर्यंत तिथेच राहिला. नोकरीची ऐन वर्षं तुम्ही त्या चौदा वर्षांत काढलीत, म्हणून तोच दर खरा वाटतो.

या बाराच्या शेजारी बाजारातले भाव ठेवून बघा. १९९१ आणि १९९८ या दोन वर्षांत महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती. पासबुकात आकडा वाढत होता आणि वाण्याच्या दुकानात त्याहून वेगाने खर्च होत होता. आज पीपीएफला ७.१ टक्के मिळतात. ते कमी वाटतात, पण महागाई चार-पाचच्या आसपास असेल तर हातात खरोखर राहणारी रक्कम त्या काळच्या वाईट वर्षांपेक्षा जास्त भरते.

व्याज कुठून येत होतं हा प्रश्न इथेही विचारायला हवा. पोस्टातला पैसा सरकारला कर्ज म्हणून जात होता आणि दर सरकार स्वतः ठरवत होतं. म्हणजे तुमचं व्याज शेवटी कराच्या पैशातून आणि नव्या कर्जातून दिलं जात होतं. १९९९ मध्ये अल्पबचतीचा स्वतंत्र निधी झाला. २०११ नंतर हे दर सरकारी रोख्यांच्या बाजारातल्या दराशी जोडले गेले आणि २०१६ पासून दर तिमाहीला जाहीर होतात. यात फसवणूक झाली नाही. पण हा बदल साध्या भाषेत कुणी तुमच्यापर्यंत आणला नाही, ही तुमची तक्रार मात्र मला मान्य आहे.

माझी आई महिला प्रधान बचत योजनेची एजंट होती. नाशिकरोडला नेहरूनगरात, प्रेस कामगारांच्या क्वार्टरमध्ये, पगार झाला की ती आरडीची कार्डं घेऊन घरोघर फिरायची. कार्डावर महिन्याचा चौकोन, त्यात रक्कम, शेजारी तिची सही. मग रात्री पासबुकांची चळत, रबरबँड आणि पोस्टात द्यायची यादी. काही बायका म्हणायच्या, “वहिनी, कार्ड तुमच्याकडेच राहू द्या, घरात नको.” त्या घरात नको म्हटलेल्या पैशातून शिलाई मशीन आलेलं आणि एका मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालेलं मी पाहिलंय. दर बारा होता की दहा, हे त्या बायकांनी कधी विचारलं नाही. दर महिन्याला कुणीतरी दारात येऊन पैसे मागतं, हा त्यांचा खरा आधार होता. आजची एसआयपी हेच काम बँक खात्यातून आपोआप करते. फक्त कार्ड लपवून ठेवणारं कुणी राहिलं नाही.

सरकारी नाव म्हणजे डोळे झाकून विश्वास, हेही मनातून काढा. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ पासून घरोघर पोचलेली. तिची खरेदी-विक्री संस्थाच जाहीर करेल त्या भावाने व्हायची आणि आतल्या शेअरांची खरी किंमत किती हे युनिटधारकाला कळत नव्हतं. जुलै २००१ मध्ये ही खरेदी-विक्री सहा महिने थांबवली गेली आणि पेन्शनसारखा तिच्यावर विसंबलेला माणूस अडकला. आज प्रत्येक म्युच्युअल फंडाला रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची खरी किंमत, जाहीर करावी लागते. माझ्या मते सामान्य माणसाच्या बाजूने झालेल्या बदलांत हा फार मोठा बदल आहे.

तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर असं : किसान विकास पत्र सोडा. तुम्ही साठीच्या पुढचे आहात, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. हे लिहिते आहे तेव्हा तिथे ८.२ टक्के आहेत, व्याज तीन महिन्यांनी खात्यात येतं आणि मर्यादा तीस लाखांची आहे. वर्षभराचा घरखर्च आणि दवाखान्याचा पैसा मात्र त्यात अडकवू नका.

सासरे ओझरला एचएएलमध्ये होते. त्यांच्या ट्रंकेत एका मोठ्या कंपनीची १९७८ ची शेअर सर्टिफिकेटं सापडली. कंपनीचं नाव आता बदललंय. ही रद्दी की पैसे? आणि ओझरला बसून त्या काळात त्यांनी शेअर घेतले तरी कसे?
— एक वाचक, पंचवटी

वहिनी, आधी एक सांगते. सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका, त्यांना टाचणी लावू नका आणि त्यांच्यावर पेनाने काही लिहू नका. आता गोष्ट.

१९७३ मध्ये परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, झाला. बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या धंद्यातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणं भाग पडलं. कोका-कोला आणि आयबीएम यांनी ते नाकारून देश सोडला. ज्या राहिल्या त्यांनी आपले शेअर भारतीयांना देऊ केले. ते किती रुपयांना द्यायचे हे कंपनीच्या हातात नव्हतं. दिल्लीत भांडवली रोख्यांचा नियंत्रक होता, तो भाव ठरवायचा आणि हात आखडून ठरवायचा. त्यामुळे साबण, टूथपेस्ट, औषधं करणाऱ्या चांगल्या कंपन्यांचे शेअर पगारदार माणसाच्या आवाक्यात आले. १९७७ मध्ये रिलायन्सच्या कापड कंपनीनेही दहा रुपयांच्या शेअरसाठी जनतेकडे हात पसरला. तुमचे सासरे याच लाटेतले असणार. असे लोक तेव्हा ओझर, सातपूर, नाशिकरोड सगळीकडे होते. बँकेतून छापील फॉर्म आणायचा, चेक जोडायचा आणि महिनोन् महिने वाट बघायची. लॉटरीत नाव आलं तर सर्टिफिकेट, नाही तर रिफंडचा कागद.

बाजारातून घ्यायचे तर जास्त खटाटोप. १९८० च्या दशकात मी रविवार कारंजाजवळ एका सीएंच्या हाताखाली काम शिकत होते आणि खालच्या मजल्यावर एक सब-ब्रोकर बसायचे. त्यांच्या टेबलावर डिंकाची बाटली, शेअर ट्रान्सफरची तिकिटं, शाईचा पॅड आणि ट्रान्सफर फॉर्मचा गठ्ठा. सही कुठे करायची तिथे ते पेन्सिलने फुली मारून ठेवायचे. सौदा मुंबईतला दलाल करायचा आणि निरोप ट्रंक कॉलने यायचा. काय भावाने झाला ते मुंबईहून आलेल्या बिलावरूनच कळायचं आणि ते पडताळून बघायला दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. त्यात दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव असायचा. आपला सौदा नेमका वरच्याच भावाने कसा झाला, हा प्रश्न नाशिकच्या माणसाने विचारायचा कुणाला? सर्टिफिकेटं घेऊन त्यांचा माणूस सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायचा. कंपनीकडे गेलेला कागद सही जुळत नाही म्हणून परत यायचा. विकणारा कुठल्या तरी तिसऱ्या गावी, त्याला पुन्हा गाठा, पुन्हा सही घ्या. एवढ्यात लाभांश निघाला तर तो जुन्या मालकाच्या नावावर.

म्हणून गुंतवणुकीच्या इतिहासातला नाशिकसाठी सर्वांत महत्त्वाचा दिवस कुठला असं मला विचाराल, तर मी नोव्हेंबर १९९४ म्हणेन. राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू केले आणि उपग्रहाच्या छत्रीवरून बाजारातला भाव त्याच क्षणी आपल्या गावातल्या दुकानात दिसायला लागला. मुंबईचा बाजारही १९९५ मध्ये आरडाओरडीच्या रिंगणातून संगणकावर आला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने सगळ्यांचे डोळे उघडले नसते, तर हे इतक्या लवकर घडलं नसतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले ते त्याच वर्षी आणि भाव ठरवणारा दिल्लीचा नियंत्रक गेला तोही त्याच वर्षी. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, कागदाऐवजी संगणकावर शेअर ठेवणारी डीमॅट खाती आली आणि डिंक, तिकिटं, पेन्सिलची फुली सगळं संपलं. आज सौदा केला की दुसऱ्या कामाच्या दिवशी शेअर खात्यात येतो. कागद हरवण्याची, सही न जुळण्याची भीती गेली. मध्ये बसलेल्या माणसाला भाव लपवता येईना. नव्या काळाबद्दल माझी काही गाऱ्हाणी आहेत, पण याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आता तुमचं काम. ही रद्दी समजू नका. कंपनीचं आजचं नाव शोधा, बोनस किंवा शेअरची फोड झाली असेल तर दहाचे शंभर झालेले असू शकतात. कंपनीच्या संकेतस्थळावर रजिस्ट्रारचं, म्हणजे आरटीएचं, नाव मिळेल. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर देऊन त्यांना लेखी विचारा. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नसेल, तर शेअर आणि लाभांश दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, गेलेले असतील. ते बुडत नाहीत, वारसाला मागता येतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत, पण मृताकडून वारसाकडे जाऊ शकतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सगळ्यांचं केवायसी आणि वारसाच्या नावाचं डीमॅट खातं लागेल. दीर आणि नणंदा असतील तर त्यांच्याशी आजच बोला, रक्कम किती ते कळल्यावर नको. आयईपीएफकडे दावा करायला शुल्क नाही. ‘आम्ही सोडवून देतो, निम्मे आमचे’ म्हणणारे फोन येतील. त्यांच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

आईचे दागिने मोडून म्युच्युअल फंडात टाकावेत का?
— कॉलेज रोड

अंगावर घालता, आईची आठवण म्हणून जपता, ते मोडू नका. मोडताना घडणावळ गेली म्हणूनच समजा. सोन्यावर सरकारनेही सगळे प्रयोग करून पाहिले. १९६३ च्या नियमांनी चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली आणि देशभरच्या सराफांचे, कारागिरांचे हात रिकामे झाले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने घरात चिपा ठेवणंही गुन्हा ठरवलं. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. या सगळ्यातून लोकांचं सोनं सुटलं नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्याज देणारे सुवर्णरोखे आले आणि ती मला आवडलेली योजना होती. फेब्रुवारी २०२४ नंतर तिची नवी विक्री झालेली नाही. नव्याने घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात मिळणारे सोन्याच्या फंडाचे युनिट, घ्या, एकूण बचतीच्या दहा टक्क्यांच्या आत. सोनं कुणासाठी राबत नाही, फक्त भाव चढला तरच देतं, एवढं लक्षात ठेवा.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, आयटीत आहे. पगार झाला की ऑप्शनमध्ये घालतो. हरला की गप्प असतो, जिंकला की पार्टी देतो. त्याच्याशी कसं बोलू?
— एक आई, गंगापूर रोड

ताई, त्याला १८६५ ची गोष्ट सांगा. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापसाचा पैसा पाण्यासारखा आला. त्यावर नव्या बँका निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. शेअर न घेताच, पुढच्या एका तारखेला नुसता भावातला फरक चुकवायचा, असे वायद्याचे सौदे सुरू झाले. प्रेमचंद रायचंद हे या सगळ्याचे अनभिषिक्त राजे. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला. वायद्याची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण दुसऱ्याचं देणं लागत होता आणि चुकवायला कुणाकडेच काही नव्हतं. खानदेशचा कापूस आपल्या नाशिकवरून मुंबईला उतरवणारी थळ घाटातली रेल्वे पुरी झाली तीही १८६५ मध्येच. रूळ तयार झाले आणि भाव गेला. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिला, तेवढा त्या पैशातला भाग आजही दिसतो.

ऑप्शन म्हणजे त्याच वायद्याची आजची, जास्त शिस्तीतली आवृत्ती. शेअर घेतला तर मागे कारखाना असतो, तो माल विकतो आणि त्यातला वाटा तुमचा. ऑप्शनमध्ये एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो आणि प्रत्येक फेरीत दलाली आणि कर कापले जातात. सेबीने २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. तुमचा मुलगा मूर्ख नाही. समोर बसलेल्या मोठ्या संस्थांकडे त्याच्यापेक्षा वेगवान यंत्रं आणि कितीतरी खोल खिसा आहे.

ओरडू नका. त्याला एवढंच म्हणा, की ब्रोकरच्या ॲपमधून गेल्या वर्षाचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, काढ, विवरणपत्र भरायला तो लागतोच. त्यात सगळे खर्च धरून एकच आकडा येतो. तो त्याने स्वतः बघावा, तुम्ही शेजारी बसा आणि काही बोलू नका. माझ्याकडे येणारी बरीच मुलं हा आकडा पहिल्यांदा पाहतात ती विवरणपत्राच्या वेळीच.

ताई, कंपनीतल्या मित्राच्या ओळखीचे एक सर महिन्याला ५ टक्के देतात. म्हणतात, सॉफ्टवेअर फॉरेक्समध्ये ट्रेडिंग करतं. मी लाख रुपये भरले, दोन महिने पैसे वेळेवर आले. दोन मित्रही जोडून दिले. आता अजून दोन लाख मागतायत. भरू का?
— अंबड एमआयडीसी

तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून एकेरीत लिहिते. भरू नकोस. एक रुपयाही नाही.

गोवर्धनचे विणकर महिन्याला शेकडा एक देत होते, तेही रात्रंदिवस माग चालवून. तुझे सर पाच देणार. हे पाच टक्के मुद्दलात मिळवत गेलं तर लाखाचे पाच वर्षांत साडेअठरा लाख होतात. असं सॉफ्टवेअर ज्याच्याकडे आहे त्याला तुझे दोन लाख कशाला हवेत? बँक त्याला दहा-बारा टक्क्यांनी कर्ज देईल की.

दोन महिने पैसे आले ते तुझ्यानंतर भरणाऱ्यांचे होते. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून सांगितलं. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांचा धंदा आहे असं तो म्हणायचा, प्रत्यक्षात नव्यांच्या पैशातून जुन्यांना देत होता. कुपनांच्या जागी आपल्याकडे १९९० च्या दशकात सागाची झाडं आली, आता सॉफ्टवेअर आलं. नाशिकने असे हादरे खाल्लेत. द्राक्षबाग विकून पैसे लावलेला माणूस माझ्यासमोर ऑफिसात बसून रडलाय आणि त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून इतकं कडक लिहितेय.

या लोकांविरुद्ध कायदे आहेत. साखळी योजनांवर १९७८ पासून बंदी आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, आणि अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा. पण कायदा येतो तो पैसे गेल्यावर, आणि जप्त मालमत्ता विकून हाती येईपर्यंत वर्षं जातात. ठेव विम्याचं कवच फक्त बँकांना आहे, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेलाही ते नाही, मग या सरांना कुठून असणार?

आता असं कर. मुद्दल परत हवंय म्हणून त्यांना लेखी मेसेज पाठव. घरी दवाखान्याची अडचण आहे असं सांगितलंस तरी चालेल. ‘तीन महिन्यांनी’, ‘आधी अजून भरा’ असं काही उत्तर आलं, तर व्हॉट्सॲपचे सगळे संदेश, पैसे पाठवल्याचे पुरावे आणि बँकेचं स्टेटमेंट एकत्र करून पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन क्रमांकावरही तक्रार कर. रिझर्व्ह बँकेच्या सचेत संकेतस्थळावर या माणसाला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते बघ आणि तिथेही तक्रार नोंदव. आणि हे सगळं करायच्या आधी तू जोडून दिलेल्या त्या दोन मित्रांना फोन कर. त्यांचा पुढचा हप्ता भरायचा राहिला असेल.